एकच रेघ

समुपदेशक मॅडमनी माझी गोळ्यांची बाटली ट्रेमध्ये उपडी केली आणि प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने पाच-पाच गोळ्या बाजूला सारायला लागल्या. पाच, दहा, पंधरा, वीस आणि वर चार. चोवीसच उरायला हव्या होत्या. त्यांनी कागदावर आकडा लिहिला, पेन खाली ठेवलं आणि तरीही विचारलं, "खरं सांगा ताई, मधे एखादी राहते ना?"

तिसऱ्या भेटीत तिसऱ्यांदा तोच प्रश्न. राहत नाही, असं मी पुन्हा सांगितलं. माझा आवाज चढला होता, आणि आवाज चढला की माणूस खोटं बोलतोय असंच समोरच्याला वाटतं, हेही मला कळत होतं.

अकरा वर्षं मी एचआयव्हीवरची औषधं घेते आहे. अलीकडची काही वर्षं टीएलडी, म्हणजे टेनोफोविर, लॅमिवुडीन आणि डोलुटेग्राविर ही तीन औषधं एकाच गोळीत. दरवर्षीच्या तपासणीत व्हायरल लोड 'आढळला नाही' असाच यायचा, आणि हे दोन शब्द वाचायची मला इतकी सवय झाली होती की त्या दिवशी '६४०' दिसल्यावर कागद दुसऱ्याच कुणाचा असेल म्हणून मी वरचा नोंदणी क्रमांक दोनदा ताडून पाहिला. दर मिलिलिटर रक्तात विषाणूच्या ६४० प्रती. ५० च्या आत असला तर काळजी नाही आणि १,००० च्या वर गेला तर उपचार फसत असल्याची शंका घ्यायची, अशी साधारण रीत आहे. मी मधल्या पट्ट्यात सापडले होते. अशा वेळी आधी समुपदेशन, गोळ्या नीट चालल्यात याची खात्री आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. ते सगळं केलं. तीन महिन्यांनी आकडा ८१० आला.

त्या तीन महिन्यांत माझं काय झालं होतं ते आधी सांगते. मोबाइलवर दोन गजर. कॅलेंडरवर रोज बरोबरची खूण. एकदा मध्यरात्री उठून बाटली पुन्हा मोजली, कारण सकाळची गोळी खरंच गिळली की नुसती हातात घेतली याचीच शंका आली. चारजणांनी चार वेळा विचारलं की माणूस स्वतःच्याच आठवणीची उलटतपासणी घ्यायला लागतो.

मॅडमचा मला राग आला होता. आता येत नाही. त्यांच्या प्रश्नामागे काय आहे ते मी नंतर वाचलं. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिंबाब्वे या देशांत ५,०२९ स्त्रियांवर 'व्हॉइस' नावाची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. संसर्ग होऊ नये म्हणून टेनोफोविर घ्यायचं होतं, काहींना गोळी, काहींना जेल. विचारलं तर सुमारे नव्वद टक्के वेळा औषध घेतल्याचं उत्तर यायचं. रक्त तपासलं तेव्हा जेमतेम तीस टक्के नमुन्यांत किंवा त्याहून कमी नमुन्यांत औषध सापडलं. त्या बायका खोटारड्या होत्या असं मला मुळीच वाटत नाही. घरात कुणाला गोळी दिसली तर काय होईल, या भीतीने गोळी फेकून देणं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. पण अशा अनुभवानंतर नुसत्या शब्दांवर आणि मोजलेल्या गोळ्यांवर कुणी का विसंबेल? बाटलीतली गोळी कमी झाली म्हणजे ती पोटात गेली, असं होत नाही.

त्याच भेटीत मॅडमनी ड्रॉवरमधून एक छोटं पाकीट काढलं. "नवीन पट्टी आलीय. लघवीत औषध आहे का ते इथंच कळतं. करून बघायची का?"

मी लगेच हो म्हटलं.

पट्टी दिसायला गरोदरपणाच्या चाचणीसारखीच. टेबलावर टिश्यू पसरून त्यावर ठेवली आणि ड्रॉपरने खाचेत थेंब सोडले. गुलाबी ओल खिडकीतून हळूहळू पुढे सरकायला लागली. वरची रेघ आधी उमटली, ती कंट्रोलची, पट्टी धड आहे एवढंच ती सांगते. खालची रेघ उमटायच्या जागेकडे मी बघत बसले. ओल तिथून पुढे गेली. एक मिनिट, दोन मिनिटं. काही नाही. माझ्या पोटात गोळा आला. एकच रेघ, म्हणजे गेलंच सगळं.

मॅडमनी मात्र पट्टी उचलून उजेडात धरली आणि पहिल्यांदाच हसल्या. "एकच रेघ. म्हणजे औषध आहे."

हा हिशेब उलटा आहे, आणि तो का उलटा आहे हे समजून घेतल्याशिवाय मी तिथून उठले नाही. पट्टीवर खालच्या जागी टेनोफोविर आधीच चिकटवलेलं असतं. पट्टीच्या सुरुवातीला रंगीत कण बांधलेल्या अँटिबॉडी असतात, त्या टेनोफोविर ओळखून पकडतात. लघवीत औषध नसेल तर अँटिबॉडीचे हात मोकळे राहतात, त्या पुढे जाऊन चिकटवलेल्या औषधाला धरतात आणि रेघ उमटते. लघवीत औषध असेल तर हात आधीच भरलेले, त्या न थांबता निघून जातात. सीमारेषा ठरवलेली आहे, दर मिलिलिटरला १,५०० नॅनोग्रॅम. रेघ न उमटणं हीच इथे शाबासकी. मी रसायनशास्त्र शिकवते, तरी त्या दोन मिनिटांत मला हे सुचलं नव्हतं. ज्याचा जीव त्या रेघेत अडकलाय त्याला पट्टी देताना हे आधी सांगायलाच हवं.

माझं समाधान फार टिकलं नाही. लघवीतलं टेनोफोविर फक्त गेल्या दोन-तीन दिवसांची साक्ष देतं. रक्तद्रवात ते साधारण सतरा तासांत निम्मं होतं. तपासणीच्या आदल्या दिवशी गोळी घेऊन येणारे असतात, मॅडमनी ते सरळ सांगितलं, आणि मीही तसं केलं असेल ही शक्यता पट्टी पुसू शकत नव्हती. म्हणून पुढची पायरी, वाळलेल्या रक्ताचा थेंब.

बोटाला सुई टोचून जाड कागदाच्या कार्डावरच्या पाच वर्तुळांत पाच थेंब घेतले. वर्तुळ काठोकाठ भरायला हवं, थेंबावर थेंब चढता कामा नये. तिसऱ्या वर्तुळात माझं बोट हललं आणि ते बाद झालं. मग कार्ड उघड्यावर वाळवलं आणि ओलावा शोषणाऱ्या पुडीसोबत पाकिटात बंद केलं.

यामागची कल्पना मला फार आवडली. टेनोफोविर पेशीत शिरलं की त्याला दोन फॉस्फेट जोडले जातात. हे टेनोफोविर-डायफॉस्फेटच विषाणूविरुद्ध खरं काम करतं, आणि लाल पेशींमध्ये ते फार सावकाश ओसरतं. निम्मं व्हायला साधारण सतरा दिवस. रक्तद्रवात सतरा तास, लाल पेशीत सतरा दिवस. म्हणजे लाल पेशींना गेल्या सहा-आठ आठवड्यांची आठवण असते. आदल्या दिवशी एक गोळी घेऊन ती आठवण भरून निघत नाही, टाकीत एक तांब्या ओतून टाकी भरत नाही तशी. केसांची आठवण याहून लांबची, केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो आणि औषधाची नोंद सोबत नेतो. शरीरातला प्रत्येक नमुना वेगळ्या मुदतीचं बोलतो. कुठला नमुना घेतला हे माहीत नसेल तर नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

अडचण वेळेची होती. कार्डातून ३ मिलिमीटरची टिकली कापून ती मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणू त्यांच्या वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, तपासतात. यंत्र अत्यंत महागडं, मोजक्या ठिकाणी असलेलं, आणि ते चालवायला तयार झालेली माणसं त्याहून मोजकी. माझं कार्ड टपालाने गेलं. उत्तर यायला दीड-दोन महिने लागतील म्हणाले. तोपर्यंत माझा विषाणू काय करणार होता, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

तेव्हाच मला विचारलं गेलं की रक्ताचे आणखी थोडे थेंब एका संशोधन प्रयोगशाळेला द्याल का. नव्या पद्धतीने औषध मोजून बघायचं होतं. नाव कळणार नाही, नकार दिला तरी उपचारात फरक पडणार नाही, असं संमतिपत्रावर होतं. मी सही केली आणि एक अट घातली, चाचणी होताना मला बघू द्या. थोडी कुजबुज झाली आणि परवानगी मिळाली.

पद्धत अशी. एचआयव्हीचा रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हा एन्झाइम आपल्या पेशीत शिरून विषाणूच्या आरएनएवरून डीएनएची साखळी विणतो. टेनोफोविर-डायफॉस्फेट त्या साखळीत खऱ्या कडीच्या जागी जाऊन बसतं, पण पुढची कडी अडकवायला त्याच्याकडे हुकच नसतो. साखळी तिथेच थांबते. औषध काम करतं ते असं. आता हाच एन्झाइम नळीत घ्यायचा, त्याला विणायला साचा आणि कड्या द्यायच्या आणि त्यात माझं रक्त घालायचं. रक्तात औषध कमी असेल तर तो भराभर विणेल, जास्त असेल तर अडखळेल. शेवटी दुपदरी डीएनएला चिकटून चमकणारा रंग टाकायचा. जेवढी चमक कमी, तेवढं औषध जास्त. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी ही कल्पना २०२० च्या सुमारास पुढे आणली. तासाभराच्या आत उत्तर मिळतं आणि मास स्पेक्ट्रोमीटरऐवजी फक्त चमक मोजणारं साधं उपकरण पुरतं. ज्या एन्झाइमने माझ्या शरीरात इतकी वर्षं घात केला, त्यालाच आता माझी साक्ष द्यायला बसवलं होतं.

तिथल्या मुलीने पिपेटने माझं रक्त पाण्यात मिसळलं. भरपूर पाण्यात. मी विचारलं, एवढं पातळ का? ती म्हणाली, पाण्यात लाल पेशी फुगून फुटतात आणि आतलं औषध बाहेर येतं, आणि रक्तातल्या बाकी गोष्टी विरळ होतात, नाहीतर त्या एन्झाइमलाच बिघडवतात. एका कृतीत दोन कामं. मग ३७ अंशांवर ठेवायचं आणि वाट बघायची.

पहिली खेप फसली. पडद्यावर आकडे आले तेव्हा प्लेटवरच्या ज्या खणांत माझं रक्त होतं, त्यांच्यात चमक अगदी मंद होती. मला आनंद झाला, औषध भरपूर! पण त्या मुलीचं लक्ष माझ्या खणांकडे नव्हतंच. ती पहिल्या रांगेकडे बघत होती, जिथे औषध नसलेलं रक्त होतं. तिथंही चमक मंद. तिथला एन्झाइम जोरात विणायला हवा होता. म्हणजे एन्झाइमच थकलेला होता, बर्फातून बाहेर जास्त वेळ राहिला असावा. तिने सगळी प्लेट कचऱ्यात टाकली. ती पहिली रांग नसती तर चाचणी माझ्या बाजूने खोटं बोलली असती आणि मी ते खरं मानून घरी गेले असते. ज्या चाचणीत 'कमी चमक म्हणजे चांगली बातमी' असते, तिथे काहीही बिघडलं तरी चांगलीच बातमी दिसते. दवाखान्यात ही पद्धत आणताना ही एक गोष्ट सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिलाही मी ते सांगितलं. तिने मान डोलावली आणि नवा एन्झाइम बर्फावर काढला.

दुसऱ्या खेपेला औषध नसलेली रांग लखलखीत आली. माझी रांग मंद. "रोजच्या रोज घेणाऱ्या माणसासारखी दिसतेय," ती म्हणाली. मी खुर्चीत मागे टेकले. काही क्षण मला बोलता आलं नाही.

पुढे कार्डाचं उत्तर आलं तेही याला धरूनच होतं. आठवड्याला चार किंवा जास्त गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या टिकलीत ७०० फेम्टोमोलच्या (हे अतिसूक्ष्म प्रमाण मोजायचं एकक) वर औषध सापडतं, माझं १,३०० च्या आसपास होतं. पण त्याची वाट बघायची वेळच आली नाही, कारण खरी गोष्ट त्याच दिवशी, प्रयोगशाळेतून परत मॅडमच्या खोलीत आल्यावर घडली.

मॅडमनी माझा कागद पुढे ओढला. गोळी राहते का, हा प्रश्न त्या आता विचारू शकत नव्हत्या. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, मग गोळीसोबत आणखी काय घेता?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि मीही आपणहून सांगितलं नव्हतं. वर्षभरापूर्वी माझं हिमोग्लोबिन खाली आलं होतं आणि हाडंही ठिसूळ निघाली. दुसऱ्या एका डॉक्टरांनी लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यांना मी एचआयव्हीचं सांगितलं नव्हतं. का, ते ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आधी त्या गोळ्या मी आठवेल तशा घ्यायचे. ६४० आल्यावर मात्र काहीही विसरायचं नाही म्हणून तिन्ही गोळ्या एका वाटीत काढून ठेवायला लागले. पहाटे साडेपाचला उपाशीपोटी, एका घोटात तिन्ही. त्यानंतर ८१०.

हे बोलता बोलताच मी थांबले. डोलुटेग्राविरची रचना मी पाहिलेली होती. त्याच्या रेणूत ऑक्सिजनचे अणू असे शेजारी बसलेले असतात की ते धातूच्या आयनाला दोन बाजूंनी कवेत घेतात. विषाणूचा डीएनए आपल्या डीएनएत घुसवणाऱ्या इंटिग्रेज या त्याच्या एन्झाइमच्या गाभ्यात मॅग्नेशियम असतं, त्यालाच हे औषध धरून ठेवतं, म्हणून तर ते काम करतं. पण पोटात आधीच कॅल्शियम आणि लोह पडलेलं असेल तर ते त्यांनाच धरून बसतं आणि रक्तात पुरेसं उतरत नाही. याला आम्ही कीलेट म्हणतो, ग्रीक भाषेतल्या खेकड्याच्या नांगीवरून आलेला शब्द. दरवर्षी पाण्याचा कठीणपणा मोजायच्या प्रयोगात मी मुलांना ईडीटीए देते, ते कॅल्शियमला पकडतं आणि फ्लास्कमधला दारूसारखा लाल रंग निळा होतो. "बघा, नांगी कशी मिटली," असं मी मुलांना सांगते. आणि स्वतःच्या पोटात रोज पहाटे तोच प्रयोग करत होते.

डॉक्टरांनी वेळापत्रक बदललं. उपाशीपोटी घ्यायची तर डोलुटेग्राविर या गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. जेवणासोबत घेतलं तर लोह किंवा कॅल्शियम बरोबर चालतं, पण धोका नको म्हणून त्यांनी वेळाच पार लांब केल्या. या साध्या बदलाने तीन महिन्यांनी व्हायरल लोड पुन्हा 'आढळला नाही' असा आला.

आता एक गोष्ट मनाला टोचते. लघवीची पट्टी, वाळलेला थेंब, चमकणारा एन्झाइम, तिघांनीही टेनोफोविरच्या बाजूने उत्तर दिलं. डोलुटेग्राविर त्यांपैकी एकालाही दिसत नव्हतं. एन्झाइमची चाचणी तर साखळी थांबवणाऱ्या गटातलं नेमकं कुठलं औषध आहे हेही सांगू शकत नाही. गोळी एक आणि औषधं तीन, आणि आपण एकाच्या पाऊलखुणा बघून तिघं घरात आल्याचं समजतो. माझ्या बाबतीत तेवढ्याने काम झालं, कारण गोळी गिळली जाते हे सिद्ध झाल्यावर प्रश्न बदलला. पण प्रत्येक औषध वेगळं दाखवणारी चाचणी दवाखान्यात हवी.

त्याच प्रयोगशाळेत दुसऱ्या बाकावर त्या दिशेचं काम मी पाहिलं. सोन्याच्या बारीक तारेवर डीएनएचा एक लहान धागा बांधलेला, त्याला ॲप्टामर म्हणतात. औषधाचा रेणू आला की धागा त्याच्याभोवती दुमडतो, टोकाला बांधलेला निळा रंगकण तारेच्या जवळ सरकतो आणि विजेचा प्रवाह बदलतो. रेणू सुटला की धागा पुन्हा मोकळा. एकदा वापरून फेकायची पट्टी नाही, सतत मोजत राहणारा संवेदक. सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने २०१७ मध्ये जाग्या, हिंडत्या-फिरत्या उंदरांच्या रक्तात औषधं अशी क्षणोक्षणी मोजून दाखवली. माणसाच्या अंगावर एचआयव्हीच्या औषधांसाठी असं काही येईल तेव्हा मी ते लावीन का, असं त्या मुलीने मला विचारलं.

मी नाही म्हटलं. दंडावरची चकती लोकांना दिसते, तिची नोंद कुठल्यातरी संगणकात जाते, आणि माझा आजार मी कुणाला सांगायचा ते मला ठरवायचं आहे. ज्यांचे मूत्रपिंड कमजोर आहेत, ज्यांना क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिन चालू आहे आणि त्यामुळे डोलुटेग्राविर दिवसातून दोनदा घ्यावं लागतं, त्यांना सतत मोजणीचा खरा उपयोग होईल. मला मात्र दवाखान्यातच, मी समोर बसलेली असताना उत्तर देणारी पट्टी हवी आहे. ती माझ्यासमोर वाचली जावी आणि माझ्यासमोरच फेकली जावी.

गेल्या भेटीत मॅडमनी बाटली मागितली नाही. त्यांच्या छापील तक्त्यात 'गोळ्यांची संख्या' या रकान्याशेजारी त्यांनी हाताने एक रकाना आखून घेतलाय, 'सोबत काय? किती वाजता?' माझ्या नावापुढे त्यांनी लिहिलं, सकाळी ७ टीएलडी, रात्री ९ लोह व कॅल्शियम. मी वाचून पाहिलं आणि खाली सही केली.